तिपेडी माळ आणि माशांचा पिंजरा

कांदा ही भाजी आहे, असं नेहुलीच्या सोनूबाईंना फोनवरून सांगण्याआधी देवव्रतकाकांनी त्या गावात कोणाला तरी विचारायला हवं होतं. कोणीही सांगितलं असतं, की बाबा रे, भरतीला सांग, वादळाला सांग, आडव्या आलेल्या म्हशीला सांग, पण सोनूबाईंना काही सांगायला जाऊ नकोस. पण देवव्रतकाका पडले किहीमचे. बँकेतून निवृत्त झालेले, नारळाची वाडी राखणारे, नियमाने चहा घेणारे आणि नियमानेच शिंकणारे गृहस्थ. त्यांनी आणि त्यांच्या सुनेने, सुचित्राने, आपल्या वाडीत गावबाजार भरवायचं काढलं होतं. माडांच्या एका ओळीखाली कारागीर बसणार, समोरच्या ओळीखाली भाजीपाला. सोनूबाईंचं नाव त्यांनी भाजीत घातलं होतं.

"कशापायी?" सोनूबाईंनी विचारलं.

"मावशी, कांदा ही भाजी आहे."

"आनि करवंटीचे दिवे करतो त्येला कुठं बसवलाव?"

"तो कारागिरांत."

"म्हंजे नारळ काय सोनाराच्या भट्टीत पिकतो? आनि बांबूवाल्यांचा बांबू? त्यो काय बंदरात उगवतो? मी कांदा इकायला येत न्हाय. मी माळ घेऊन येतंय. कांदा मातीचा, माळ माझी."

पलीकडे काकांनी चष्मा पुसला असावा. मग त्यांनी नियम काढला. नियमाच्या माणसाला अडवलं की तो दुसरा नियम काढतो, जसा खेकडा दुसरी नांगी काढतो.

"ठीक आहे. बाजाराच्या दिवशी अकरा वाजता आम्ही रांगेतून फेरी मारणार. तेव्हा सगळ्यांसमोर एक माळ गुंफून दाखवा. झाली, तर कारागिरांत बसा. नाही झाली, तर मात्र भाजीत."

"दाखवतंय की," सोनूबाई म्हणाल्या आणि मेलेलं झुरळ उचलून द्यावं तसा तो फोन त्यांनी सुनेच्या, रुचिताच्या, हातात दिला.

ह्या माळेची गोष्ट थोडी सांगायला हवी, नाहीतर म्हाताऱ्या बाईनं उगीच भांडण उकरून काढलं असं वाटेल. (तसं तिने उकरलंच होतं, पण उगीच नव्हे.) आपल्या अलिबागकडे पांढरा कांदा काढला की पात तशीच ठेवून सुकवतात आणि ओलवून मऊ केलेल्या त्या पातीचीच वेणी घालत जातात. वेणीच्या प्रत्येक फेऱ्यात एकेक कांदा अडकवायचा, खाली थोराड, वर बारका. रस्त्याच्या कडेला टांगलेल्या माळा सगळ्यांनीच पाहिलेल्या असतात; पण पाहणाऱ्याला कांदे दिसतात, वेणी दिसत नाही. हल्ली पुष्कळजण मधूनच सुतळीचा आधार घेतात. सोनूबाई घेत नाहीत. "दोरा लावला की ती माळ न्हाय, मोळी," असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी कोणी विचारण्याची वाट न बघता गावभर सांगून ठेवलेलं होतं. शाळा त्यांची दुसरीपर्यंत झाली. तिसरीत कांदे काढायचे दिवस आले, ते काही अजून संपलेले नाहीत.

आता, भाजीच्या रांगेत बसल्याने कोणी मरत नाही. पण त्या रांगेत त्यांची धाकटी जाऊ बायजा आधीच बसणार होती. बायजा सुतळी लावते. बायजाच्या माळेला सोनूबाई "म्हशीचं शेपूट" म्हणत आल्या होत्या. लग्नात म्हणाल्या, बारशाला म्हणाल्या, एकदा तर दहाव्याला म्हणाल्या. आणि फोनची बातमी कळल्याबरोबर तीच बायजा कुंपणावरून डोकावून अगदी मायेने म्हणाली, "आक्का, कशाला जीवाला तरास? माझ्या बाजूलाच या बसायला. सावली हाय तिकडं."

त्या "सावली हाय"ने सोनूबाईंची झोप उडाली. त्यांनी दारातच उभं राहून आळीला ऐकू जाईल असं सांगून टाकलं, की कारागिरांत बसले तरच बाजारात बसेन, नाहीतर पुन्हा म्हणून माळेला हात लावणार नाही. सांगून झाल्यावर आपण काय सांगितलं हे त्यांच्या ध्यानात आलं. पण तोवर आळीने ऐकलं होतं, आणि आळी एकदा ऐकलेलं परत देत नाही.

नेहुलीत सल्ला फुकट मिळतो, म्हणून तो कोणी जपून वापरत नाही. एकीने सांगितलं, कांद्यांना खोबरेल चोळा, चकाकतील. दुसरीने सांगितलं, मधे मधे लिंबू-मिरची ओवा, मुंबईच्या लोकांना आवडतं. मुलगा निकेत म्हणाला, "आई, आतून दिव्यांची माळ सोडू काय? लुकलुक करील." सोनूबाई म्हणाल्या, "लुकलुक तुझ्या ट्रेलरला कर. त्यो दिसत न्हाय म्हनून ठोकतोस दर खेपेला." निकेतचे बंदरावर माल वाहणारे ट्रेलर होते, आणि हा टोमणा खरा असल्यामुळे त्याने दिव्यांचा विषय सोडला.

पण तोच निकेत आईला रिक्षाने पाठवायला निघाला, तेव्हा सोनूबाई अडल्या. रिक्षात पात मोडते. टेम्पोत गचके बसतात. घरात एवढ्या गाड्या असताना सोनूबाईंनी लोकांच्या गाडीतून जायचं, म्हणजे बायजाच्या हातात कोलीत. शेवटी बाजाराच्या सकाळी एक रिकामा लांबलचक ट्रेलर दारात उभा राहिला. वर ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या कांद्याच्या चार जुड्या आणि तयार माळा, पुढे चालकाशेजारी नऊवारीतल्या सोनूबाई, त्यांच्या बाजूला रुचिता. जहाज चालवावं तसं ते धूड किहीमच्या फाट्यापर्यंत गेलं आणि तिथे थांबलं, कारण वाडीकडे जाणारी गल्ली दोन बैलांना शेजारी शेजारी जायची नाही एवढी अरुंद. तयार माळा गळ्यात घालून सोनूबाई पुढे आणि जुड्या डोक्यावर घेऊन रुचिता मागे, अशी वरात निघाली. वाटेत एका पर्यटकाने नवरदेव कुठाय असं विचारलं. त्याला काय उत्तर मिळालं, ते इथे लिहिता येणार नाही.

वाडीत पोचल्यावर सुचित्राने त्यांना कारागिरांच्या रांगेत अगदी टोकाला, "तात्पुरती" जागा दाखवली. समोरच्या रांगेत बायजा सावलीत बसून हात हलवत होती. सोनूबाईंनी तिकडे पाठ केली, चटई अंथरली, माळा फांदीला टांगल्या आणि शेजाऱ्यांकडे पाहिलं.

पाहिलं, ते नावं ठेवायला. ही त्यांची बसायची रीतच होती. कुठेही गेल्या, की आधी दोन्हीकडच्या माणसांना मनातल्या मनात नावं ठेवून घ्यायच्या, म्हणजे मग बसायला ऐसपैस जागा होते. उजवीकडे मुरुडचा दयाराम कोळी जाळं विणत होता. सोनूबाईंनी मनात "जाळंच तर हाय" एवढं तयार केलं आणि जवळून बघायला वाकल्या. दयाराम पलीकडच्या माणसाशी बोंबलाच्या भावावरून हुज्जत घालत होता. त्याचं तोंड एकीकडे, डोळे तिसरीकडे, आणि हातातली लाकडी सुई मात्र आपल्या वाटेने सर्र सर्र चालली होती. जाळ्याचं एक घर, दुसरं घर, तिसरं घर. सोनूबाईंनी एका घरात बोट घातलं. मग खालच्या घरात घातलं. मग दूरच्या टोकाच्या एका घरात. बोट प्रत्येक ठिकाणी तेवढंच आत गेलं.

"बघत न्हायस तू?" त्यांनी विचारलं.

"काय बघायचा?" दयाराम म्हणाला. "बघून इनला तर चुकतंय."

डावीकडे मुरुडचीच झुलेखा बसली होती. क्रोशाच्या सुईने पांढऱ्या जाळीदार टोप्या विणणारी. तिने एक टोपी मुठीत चुरगाळली, इतकी की आत काही आहे असं वाटेना, आणि मूठ उघडली. टोपी हातावर हळूहळू उमलली, सुरकुती नाही, काही नाही. सोनूबाईंनी ती घेतली, उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली.

"गाठ कुठं हाय हिची?"

"ढूंढो आपा," झुलेखा हसून म्हणाली. "मिळाली तर मला पण दाखवा. माझ्या सासूला ती चाळीस वर्षं मिळाली नाही."

सोनूबाईंचं तोंड उघडं राहिलं आणि त्यातून शब्द बाहेर येईना. रुचिताने हे लग्न झाल्यापासून पाहिलेलं नव्हतं. तिला वाटलं झटकाच आला, आणि ती पाणी आणायला धावली.

ती धावली, तेवढ्यात घोळ झाला.

झुलेखाच्या पलीकडे एक चटई रिकामी होती. चटईवर बांबूच्या कामट्यांचा एक पिंजरा ठेवलेला होता, माणसाच्या हाताएवढा लांब, एका तोंडाला रुंद आणि शेपटाकडे निमुळता. तो तुळशीचा. तुळशी डोंगरावरच्या कातकरी वाडीवरची, एस.टी.त पिंजरे घेऊ देईनात म्हणून बाकीचे मागून टेम्पोने येत होते, ते उतरवून घ्यायला ती फाट्यावर गेली होती. ओढ्याला पाणी आलं की हा पिंजरा पाण्यात लावतात. मासा तोंडातून आत शिरतो आणि बाहेर येत नाही. का येत नाही, एवढंच सोनूबाईंना बघायचं होतं. बाहेरून काही दिसेना. तोंडाशी आतल्या बाजूला वळलेल्या कामट्यांचा एक झुबका होता. त्यांनी बोटं घातली, मऊपणाने आत गेली. मनगट घातलं, तेही गेलं. हातातल्या दोन्ही पाटल्यांसकट हात पार आत गेला, आणि मग त्यांनी तो मागे ओढला.

कामट्यांची टोकं पाटल्यांच्या मागे जाऊन बसली.

त्यांनी परत ओढला. कामट्या आणखी आवळल्या. मासा जेवढा ओढतो तेवढा अडकतो. पिंजरा बिचारा आपलं काम चोख करत होता, समोर मासा आहे की नेहुलीची सोनूबाई, हे त्याला कुठे माहीत? उजवा हात होता. माळ गुंफायचा हात.

"या अल्ला," झुलेखा म्हणाली.

"गप बस," सोनूबाई म्हणाल्या. "समोर बायजा हाय."

त्यांनी पिंजऱ्यासकट हात पदराखाली घेतला, पण पिंजऱ्याचं शेपूट पदराबाहेरच राहिलं. रुचिता पाणी घेऊन आली आणि तिने ते तिथेच सांडलं. मग उपाय सुरू झाले. रुचिता म्हणाली साबण. झुलेखा म्हणाली खोबरेल, आणि आपल्या डब्यातलं आणून ओतलंही. त्याने हात तुळतुळीत झाला, पाटल्या चकाकल्या, बाकी काही झालं नाही. दयारामने पिंजरा फिरवून बघितला आणि मान हलवली.

"मी दर्याचा मानूस. ह्या वढ्याच्या कामातला मना कलत न्हाय. जिचा हाय तिला येऊ द्या."

तेवढ्यात मुंबईची एक बाई पुढे आली. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, हातात गार कोकम. तिने सोनूबाईंचा हात निरखून पाहिला.

"आजी, हे हातातलं विकायचं आहे का? खूपच वेगळं आहे."

"इकायचं हाय," सोनूबाई म्हणाल्या. "पर माझ्यासकट न्यावं लागंल."

बाईने थोडा विचार केला, असं रुचिता नंतर शपथेवर सांगत होती.

एवढ्यात सुचित्रा आली. ती चांगली पोरगी. तिने बघितलं, घाबरली, घरात पळाली आणि झाडं छाटायची मोठी कात्री घेऊन परत आली. "मावशी, हलू नका. दोन मिनिटांत कापून काढते. सासरे फेरीला निघालेच आहेत, त्यांच्या आधी मोकळा होईल हात."

उपाय सरळ होता. दोन ठिकाणी कात्री लागली असती, की हात बाहेर, माळ सुरू, कारागिरांची रांग पक्की आणि बायजा गार. सोनूबाईंनी कात्रीकडे पाहिलं. मग पिंजऱ्याकडे पाहिलं. इतका वेळ त्या त्याच्याशी भांडत होत्या, त्यामुळे बघायचं राहूनच गेलं होतं. कामट्या सगळ्या एकाच जाडीच्या, कडा अशा तासलेल्या की इतकी ओढाताण होऊनही कातडीला ओरखडा नाही. बांधणीला वेल, आणि वेलाचा प्रत्येक वळसा आधीच्या वळशावर चढून बसलेला. सोनूबाईंसारखी बाई सगळा जोर लावून ओढते आहे आणि एक कामटी इकडची तिकडे होत नाही. अख्ख्या संसारात त्यांना असं कोणी धरून ठेवलेलं नव्हतं. नवऱ्यानेही नाही.

"कापायची न्हाय," त्या म्हणाल्या.

"अहो मावशी, अकरा वाजत आलेत!"

"वाजू देत. केवढं काम हाय ह्ये, दिसतंय का तुला? कात्री लावलीस तर मी इथंच ओरडंन. माझ्या माळेला कुनी कात्री लावली तर मी त्येचं काय करीन?"

सुचित्राने कात्री मागे लपवली. माळेला कात्री लावणाऱ्याचं काय होईल, हे तिला चेहऱ्यावरूनच कळलं होतं.

आता नियम ठाम, वेळ जवळ, आणि हात एक. डावा. डाव्या हाताने सोनूबाईंनी आजवर नुसते पेड धरून ठेवले होते, वळवणारा तो उजवा. त्यांनी एक जुडी सोडली. पात अजून ओली होती, पण ऊन वर चढत होतं. अर्ध्या तासात ती वाळून कडकड मोडणार, मग देवाचीसुद्धा माळ होणार नाही. त्यांनी तीन पेड केले. एक पेड डाव्या हातात धरला. उरलेले दोन मांडीवर पडून राहिले. समोर बायजा सावलीतून उठून उभी राहिली होती आणि गळा लांब करून बघत होती.

मदत मागायचा शब्द सोनूबाईंना येत नव्हता. म्हणजे भाषेत आहे हे माहीत होतं, पण वापरायची वेळ आली नव्हती. त्यांनी दोनदा खाकरून बघितलं.

"दयाराम," शेवटी त्या म्हणाल्या, "तुझे हात मोकळे हायेत का रं?"

दयारामने सुई खाली ठेवली. झुलेखाला विचारावं लागलंच नाही. तिने टोपी गुंडाळली आणि चटईवर सरकून एक पेड उचलला. दुसरा दयारामने. तीन पेड, तीन माणसं, आणि मधे पांढऱ्या कांद्यांचा ढीग. रुचिता कांदे पुरवायला बसली.

"आता तुझी मधे घे. तुझी न्हाय, हिची! हां. कांदा ठेव. आता दयाराम, वरनं. गाठ मारू नको!"

"हात आपसूक मारतंय."

"गाठ मारलीस तर पात मरंल. तिला वाटू दे, आपन मोकळीच हाय. झुलेखा, वढू नको बाय एवढं, ही काय टोपी हाय? ढील दे. ढील. आता कांद्याचा भार येऊ दे, त्योच आवळतो."

पहिले तीन-चार फेरे बघवत नव्हते. वेणी डावीकडे कलली, मग उजवीकडे. दयारामने सवयीने एका कांद्याभोवती जाळ्याचं घर घातलं आणि ते सोडवण्यात वेळ गेला. एक पेड तुटला. दयाराम "दोरा..." म्हणाला आणि सोनूबाईंचे डोळे बघून त्याने आपला पेड घट्ट धरला. पण झुलेखाने तुटलेल्या जागी दुसरी पात आडवी ठेवली, आपल्या टोपीत नवा धागा घ्यावा तशी दोन फेरे आत लपवत नेली, आणि टोक कुठे गेलं ते कोणालाच दिसलं नाही. सोनूबाईंनी त्या जागी बोट फिरवलं. परत फिरवलं. त्यांच्या स्वतःच्या माळेत जोड असा लपत नव्हता.

"ह्ये कसं केलंस?"

"बाद में सांगते आपा. पात सुकतेय."

मग केव्हातरी बोलणं थांबलं. कसं ते सांगता येणार नाही, पण हात एकमेकांना ओळखू लागले. दयारामचा पेड यायच्या आधी सोनूबाईंचा बाजूला झालेला असायचा. झुलेखाचा जायच्या आधी दयारामचा वर. रुचिता कांदा पुढे करायची आणि तो न मागता नेमक्या जागी जाऊन बसायचा. सोनूबाईंना वाटलं, आपण एकटीने इतकी वर्षं गुंफत आलो, तेव्हा हे असं आपल्या दोन हातांत चाललेलं असायचं, आणि आपण एकदाही बघितलं नाही. बघून केलं तर चुकतं म्हणून बघितलं नाही. आज अर्धं काम लोकांच्या हातांत होतं म्हणून दिसलं. कांद्याच्या पातीसारखी पात, उकिरड्यावर जायची, ती तीन जातींच्या तीन बोटांत अशी वळत वळत चालली होती, की सोनूबाईंच्या अंगावर काटा आला. पिंजऱ्यातल्या हातावरसुद्धा आला असणार; तो दिसत नव्हता एवढंच.

भोवती माणसं जमली होती. कोणीतरी फोन वर धरला होता. देवव्रतकाका केव्हा येऊन उभे राहिले, कोणाला कळलं नाही. ते घड्याळ बघायचं विसरले, ही त्यांच्या घराण्यातली पहिलीच वेळ असावी. शेवटचा बारका कांदा बसला, पातीचं शेंडीसारखं टोक वळून आत गेलं, आणि दयारामने माळ उचलून धरली. ती सरळ उभी लोंबली. एक कांदा हलला नाही.

"सुंदर," काका म्हणाले. मग त्यांना नियम आठवला. "पण... म्हणजे... ही माळ नक्की कोणाची? तुम्ही गुंफून दाखवायची, असं आपलं ठरलं होतं."

सगळे सोनूबाईंकडे बघू लागले. बायजा तर आता रांग ओलांडून पार पुढे आली होती. मांजराने दुधाकडे बघावं तशी बघत होती.

सोनूबाईंनी एकदा माळेकडे बघितलं. "खालचे चार फेरे वाकडे हायेत, ते माझे," त्या म्हणाल्या. "डावा हात माझा लबाड हाय. जोड हिचा. आनि ही सरळ लोंबते हाय ना, ती ह्या दयारामच्या हातानं. लिवा तुमाला काय लिवायचं त्ये."

गर्दीत कोणीतरी हसलं. बायजा मात्र ते वाकडे फेरे मोजायला वाकली. आक्काने स्वतःच्या तोंडाने स्वतःची चूक दाखवलेली तिने जन्मात पाहिली नव्हती. देवव्रतकाका आणि सुचित्रा बाजूला जाऊन कुजबुजू लागले. काकांचा हात "नाही" म्हणत हलत होता आणि सुचित्राची मान "हो" म्हणत.

त्याच वेळी डोक्यावर पिंजऱ्यांची चळत घेऊन तुळशी आली. चांगली ठणठणीत बाई, नाकात चमकी. चळत उतरवता उतरवता तिला आपला पिंजरा दिसला, आणि पिंजऱ्यात सोनूबाई दिसल्या. ती इतकी हसली की तिला माडाला टेकावं लागलं.

"आये, मासा पन इतका येळ गप बसत न्हाय!"

एरवी असं बोलणाऱ्याला सोनूबाईंनी उभा चिरला असता. रुचिताने डोळे मिटून घेतले. पण सोनूबाई हात पुढे करून नुसत्या म्हणाल्या, "बघ तुझा कैदी. कात्री लावू दिली न्हाय मी."

तुळशी हसायची थांबली. तिने पिंजऱ्याच्या बांधणीवरून हात फिरवला, सगळं जागेवर आहे का बघितलं, मग सोनूबाईंच्या तोंडाकडे बघितलं. शेपटाकडचा एक वळसा तिने नखाने उचकला. तिथे वेलाची एक खीळ होती, ती कोणालाच दिसली नव्हती. शेपूट उघडलं. तिकडून तिने आपला हात आत घातला, आतल्या आत काहीतरी पसरलं, आणि पिंजरा अंगरख्याच्या बाहीसारखा निघून आला. हातावर तेलाशिवाय कसलीही खूण नव्हती.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रुचिताने पदराने सासूचा हात पुसायला घेतला. पण सोनूबाईंनी तो सोडवून घेतला. पाटल्या तेलाने सैल झाल्याच होत्या. त्यांनी एकेक करून उतरवल्या आणि रुचिताच्या ओंजळीत टाकल्या. मग तुळशीच्या चटईवर जाऊन मांडी घातली.

"मावशी!" सुचित्रा धावत आली. तिचा चेहरा फुलला होता. "सासरे तयार झाले! तुमची जागा पक्की. कायमची. कारागिरांच्या रांगेत, अगदी पहिली!"

सोनूबाईंनी वर बघितलं नाही. त्यांनी पिंजरा आपल्या हाताने मांडीवर ओढून घेतला, तेलकट उजवा हात त्या झुबक्यातून पुन्हा आत घातला, पार कोपरापर्यंत, आणि तुळशीला म्हणाल्या, "आता हळू सांग बाय. आत गेलं, इथपत्तुर मना कळलं. ती कामटी कनच्या बाजूनं वळवलीस?"